खोका जुना, म्हणून निकाल लागला?

वस्तू जुनी झाली की टाकून द्यावी, अशी रीत आपल्याकडे कधीच नव्हती. पितळेच्या पातेल्याला कल्हई करतात. पंख्याचे वायंडिंग जळले तर ते पुन्हा भरून आणतात. सायकलचा टायर झिजला तर टायर बदलतात, सायकल नव्हे. आमच्या वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून फिरून पाहा. वर्षानुवर्षे चाललेले यंत्रमाग अजून खडखडत आहेत. धोटा झिजला तर धोटा बदलायचा, पट्टा तुटला तर पट्टा, मोटार जळली तर मोटार. माग मात्र आपल्या जागी उभा. या साऱ्या वस्तूंत संगणक तेवढा असा दुर्दैवी, की त्याच्याविषयी 'जुना झाला' एवढे दोन शब्द उच्चारले की खटला संपला. त्याच्यातले नेमके काय जुने झाले, कोणता भाग थकला आणि कोणता अजून धडधाकट आहे, हे कोणी विचारीतच नाही.

विद्यार्थिमित्रहो, हा प्रश्न विज्ञान शाखेचा आहे, आपला नव्हे, असे तुम्ही म्हणाल. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. जुन्या संगणकाचे काय करावे हा मुळात हिशेबाचा प्रश्न आहे आणि तो सोडवण्याचे शिक्षण वाणिज्य शाखेलाच मिळते.

अकाउंटन्सीच्या तासाला आपण घसारा शिकतो. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत डेस्कटॉप व लॅपटॉप यांचे उपयुक्त आयुष्य ३ वर्षे धरले आहे. आयकराच्या नियमांत संगणकावरचा घसारा पूर्वी ६० टक्के होता, तो २०१७-१८ या आर्थिक वर्षापासून ४० टक्के झाला. आता ३०,००० रुपयांचा संगणक घ्या आणि घटत्या शिलकीवर ४० टक्के दराने घसारा काढीत जा. पहिल्या वर्षाअखेर १८,००० उरतात, पाचव्या वर्षाअखेर २,३३३ आणि दहाव्या वर्षाअखेर फक्त १८१ रुपये. वहीत १८१ रुपये किंमत असलेली ही वस्तू उद्या सकाळी बटण दाबल्यावर सुरू होणार की नाही, हे मात्र ती वही सांगत नाही. पुस्तकी किंमत आणि उपयोगाची किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण परीक्षेत लिहितो आणि दुकानात गेल्यावर विसरतो.

आमच्या घरी असाच एक १८१ रुपयांचा संगणक आहे. माझे वडील वडगावातल्या काही यंत्रमागवाल्यांचे जमाखर्च लिहितात. २०१२ साली त्यांनी तो घेतला, आणि आमच्या घराची चूल पुष्कळ अंशी त्याच्यावर चालते. त्यात इंटेलचा आय-३ २१०० हा प्रोसेसर होता. प्रोसेसर म्हणजे संगणकातली आकडेमोड करणारी मुख्य चकती. या प्रोसेसरला दोन गाभे, वेग ३.१ गिगाहर्ट्झ. सोबत ४ जीबी मेमरी आणि फिरत्या तबकडीची हार्डडिस्क. २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, महिन्याला विवरणपत्रे भरणे आले, आणि हा संगणक दिवसेंदिवस रखडू लागला. सकाळी बटण दाबून वडील अंघोळीला जात आणि परत आले तरी पडद्यावरचे चक्र फिरतच असे. शहरातल्या एका दुकानदाराने तो उघडूनही न पाहता सांगितले, "हळेदात्री, होसादु तगोरी." जुना झाला हो, नवा घ्या. नव्याची किंमत त्याने ४२,००० सांगितली. त्याच महिन्यात माझ्या धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. दोन्हींपैकी एकच होणार होते.

अशा वेळी माणसे दोन टोकांना जातात. काहीजण हप्त्यावर नवा संगणक घेतात. काहीजण कुठेतरी ऐकून येतात, की प्रोसेसर बदलला की संगणक नवा होतो, आणि आधी तोच बदलतात. या दुसऱ्या उपायाचीही चौकशी व्हायला हवी. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशी गत व्हायची.

संगणक रखडतो तेव्हा प्रोसेसर दमलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो बिचारा रिकामा बसलेला असतो. हार्डडिस्कची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते. हवी ती नोंद सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. आपल्याला हा काळ काहीच वाटत नाही. पण ३.१ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर तेवढ्यात १ कोटी २९ लाख ठोके मोजतो, आणि ते सारे वाट पाहण्यात जातात. हे एका नोंदीचे झाले. सुरू होताना संगणक अशा हजारो नोंदी मागतो. विणकराच्या घरातल्या मुलांना हे समजावून सांगायला नको. माग कितीही वेगाने धावो, कांड्या भरून आल्या नाहीत तर तो उभाच राहतो. कांड्या कमी पडतात म्हणून कोणी मागाची मोटार मोठी करीत नाही.

जीन अॅमडाल या अमेरिकन संगणक-रचनाकाराने १९६७ साली मांडलेला विचार त्याच्याच नावाच्या नियमाने ओळखला जातो. त्याचे तात्पर्य आपल्या भाषेत असे सांगता येईल. एका कामाला १०० सेकंद लागतात आणि त्यांतले ४० सेकंदच प्रोसेसरचे आहेत असे समजा. प्रोसेसर दुप्पट वेगाचा आणला तर त्या ४० चे २० होतील आणि काम ८० सेकंदांत होईल. दुप्पट वेगासाठी पैसे मोजून वाचला तो पाचवा हिस्सा. प्रोसेसर अगदी अनंत वेगाचा आणला तरी ते ६० सेकंद जागचे हलणार नाहीत. कॉस्ट अकाउंटिंगमध्ये आपण ज्याला मर्यादक घटक म्हणतो तो हाच. उत्पादन कशामुळे अडले आहे ते आधी शोधावे आणि पैसा तिथे घालावा.

म्हणून आमच्या घरी आधी हार्डडिस्कच्या जागी एसएसडी आली. तिच्यात फिरणारी तबकडीच नसते. आमच्या बोर्डाची साटा जोडणी जुन्या, म्हणजे सेकंदाला ३ गिगाबिटच्या वेगाची आहे, त्यामुळे एसएसडीचा सारा वेग काही आम्हांला मिळाला नाही. पण तबकडीच्या फेऱ्याची वाट पाहणे संपले, आणि मोठा फरक पडला तो त्यानेच. मग ४ जीबीची आणखी एक जुनी मेमरीपट्टी बसवली. वडिलांची सकाळची कुरकूर एवढ्यावर थांबली.

मग प्रोसेसरला हात का लावला? कारण एक काम तरीही रखडत होते. मार्चअखेरीस साऱ्या पेढ्यांचे हिशेब एका मोठ्या एक्सेल पत्रकात एकत्र होतात. आकडा बदलला की ते पत्रक पुन्हा गणित करायला ४० सेकंद घेई. त्या वेळी टास्क मॅनेजर उघडला की प्रोसेसर १०० टक्के गुंतलेला दिसे आणि डिस्क स्वस्थ असे. इथे मात्र आग सोमेश्वरीच लागलेली होती. एक्सेल २००७ पासून आकडेमोड अनेक गाभ्यांत वाटून घेऊ शकते, म्हणून जास्त गाभ्यांचा प्रोसेसर इथे उपयोगी पडेल हे उघड होते.

आता कोणता प्रोसेसर बसेल, हा प्रश्न. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आमच्या बोर्डाचे सॉकेट एलजीए ११५५, म्हणजे त्यात ११५५ संपर्कबिंदू आहेत. इंटेलची २०११ ची दुसरी पिढी आणि २०१२ ची तिसरी पिढी, दोन्ही त्यात बसतात. पण 'बसते' म्हणजे 'चालते' असे नव्हे. बोर्डावरच्या बायोसला, म्हणजे संगणक जागा करणाऱ्या मूळ आज्ञावलीला, नवा प्रोसेसर ओळखता आला पाहिजे. बोर्ड बनवणारी कंपनी कोणत्या बायोसवर कोणता प्रोसेसर चालतो याची यादी देते. बाजारात जाण्याआधी ती वाचावी. बायोस जुने असेल तर ते जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बदलून घ्यावे लागते, कारण नवा बसवल्यावर संगणक सुरूच झाला नाही तर बदलणार कसे? बायोस बदलताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचे निकामी होऊ शकते. आपल्या गावची वीज सर्वांच्या परिचयाची आहे, तेव्हा यूपीएसशिवाय या वाटेला जाऊ नये.

आम्ही आय-५ ३४७० निवडला. चार गाभे, वेग ३.२ गिगाहर्ट्झ, गरजेनुसार ३.६ पर्यंत. जुन्याचे उष्णतेचे मान ६५ वॅट होते, याचे ७७, त्यामुळे वरचा पंखा साफ करून, जुना वाळलेला उष्णतावाहक लेप पुसून नवा लावणे आवश्यक होते. सॉकेटमधल्या बारीक तारा बोटाने वाकल्या तर बोर्ड गेले म्हणून समजा. प्रोसेसर सरळ वरून ठेवायचा, दाबायचा नाही. खुणेला खूण जुळली की तो आपण होऊन बसतो. ही सारी कामे मी घरच्या जेवणाच्या टेबलावर, एका स्क्रू-ड्रायव्हरने, तासाभरात केली. मुलीने हे करावे का, अशी शंका एका शेजाऱ्याने काढली. त्यावर आई म्हणाली, शिलाई मशीन उघडून तेल घालते ते कोण?

पत्रकाचे ४० सेकंद २२ वर आले. खर्चाचा तपशील असा: एसएसडी १,६००, मेमरी ५००, वापरलेला प्रोसेसर १,५०० आणि लेप १००, एकूण ३,७०० रुपये. त्याच सॉकेटमध्ये आय-७ ३७७० सुद्धा बसला असता. त्याला चार गाभे आणि आठ धागे. पण तो पुष्कळ महाग मिळत होता आणि उरलेल्या २२ सेकंदांतले काही वाचवण्यासाठी एवढे पैसे घालणे हिशेबात बसेना. सीमांत उपयोगिता घटत जाते, हे अर्थशास्त्राच्या पहिल्याच वर्षी शिकवले आहे.

इथवर वाचून कुणी म्हणेल, हे एका घरचे भाग्य झाले, सर्वांना कुठे जमणार? खरे आहे. जमत नाही, आणि का जमत नाही हेच मला विशेष सांगायचे आहे. इंटेलचे सॉकेट २००९ साली ११५६ होते, २०११ साली ११५५ झाले, २०१३ साली ११५०, २०१५ साली ११५१. २०१७ ची आठवी पिढी तर त्याच ११५१ संपर्कबिंदूंची होती, तरी तिला नवे बोर्ड घ्यावे लागले. पुढे २०२० साली १२००, २०२१ साली १७०० आणि २०२४ साली १८५१. नव्या मेमरीसाठी, वाढत्या विजेसाठी काही बदल अपरिहार्य असतात, हे मान्य. पण दर दोन पिढ्यांना बोर्डच टाकायचे, हे सारे काही निसर्गनियमाने घडते असे मानायला मी तयार नाही.

कारण उलट उदाहरणे डोळ्यांसमोर आहेत. याच इंटेलने १९९२ साली ४८६ संगणकांसाठी 'ओव्हरड्राइव्ह' नावाचे प्रोसेसर विकले, ते मुळी जुन्या यंत्रात बसवून त्याचा वेग वाढवण्यासाठीच. एएमडी कंपनीच्या एएम-४ सॉकेटमध्ये २०१७ साली पहिले रायझन आले, आणि २०२२ साली त्याच सॉकेटसाठी ५८००एक्स३डी हा प्रोसेसर निघाला. त्याच वर्षी सर्वांत आधीच्या बोर्डांसाठीही नवे बायोस उपलब्ध झाले. म्हणजे मनात आणले तर पाच वर्षे एक खाच टिकवता येते. आणि मनात नसले तर काय होते? २०१० साली इंटेलने पेंटियम जी-६९५१ या प्रोसेसरसाठी एक कार्ड विकायला काढले. किंमत ५० डॉलर. त्यावरचा क्रमांक संगणकात घातला की त्याच प्रोसेसरची कुलूपबंद ठेवलेली शक्ती खुली होई. शक्ती विकत घेतलेल्या वस्तूत आधीपासूनच होती. ग्राहकाने पैसे दिले ते किल्लीचे. ही योजना पुढे बंद पडली, पण जुने-नवे ठरवण्याचा अधिकार कोणाच्या हाती असतो, ते तिने दाखवून दिले.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलच्या बाजूने साधारणपणे आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आमचा तिसऱ्या पिढीचा आय-५ त्या यादीत नाही, आणि त्या सॉकेटमध्ये बसणारा कोणताच नाही. मग हा खटाटोप व्यर्थ गेला का? सुरक्षेचा धोका मी हसण्यावारी नेत नाही. ज्या घरात दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब असतात तिथे तर मुळीच नाही. म्हणून आमच्याकडे आता दोन व्यवस्था आहेत. हिशेबाचे पॅकेज विंडोजवर, पण त्याला इंटरनेटची तार नाही. बँक आणि जीएसटीचे काम लिनक्स मिंटवर, जी मोफत मिळते, जिची सुरक्षेची सुधारणा चालू असते आणि जी या जुन्या यंत्रावर व्यवस्थित चालते. हे थोडे गैरसोयीचे आहे. वडील अजूनही कधीकधी कुरकुरतात. पण ही गैरसोय ४२,००० रुपयांची नाही.

आणि हा संगणक आम्ही अमर केला, असा माझा दावाही नाही. आम्ही वेळ विकत घेतला. भावाची फी वेळेवर भरली गेली. नवा संगणक कधी ना कधी घ्यावाच लागेल. तो आमच्या सवडीने, पैसे साठवून घेऊ, दुकानदाराच्या एका वाक्यावर नव्हे. ज्या घरात पैसा मोजका असतो तिथे खर्च पुढे ढकलता येणे हीच मोठी मिळकत असते.

शेवटी आपल्या महाविद्यालयाविषयी. प्रयोगशाळेतले संगणक दर काही वर्षांनी बाद होतात आणि वजनावर जातात. केंद्र सरकारचे ई-कचऱ्याविषयीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, त्यानुसार कचरा योग्य हातीच गेला पाहिजे, हे ठीक. पण कचरा ठरवण्याआधी एक पायरी असावी. माझी प्राध्यापकवर्गाला विनंती आहे, की बाद ठरलेले संगणक भंगारात जाण्यापूर्वी महिन्यातल्या एका शनिवारी विद्यार्थ्यांपुढे ठेवावेत. विज्ञानाच्या मुलांनी ते उघडावेत, वाणिज्याच्या मुलांनी प्रत्येकाचा हिशेब मांडावा: अडले कशामुळे, सुधारायला किती, किती वर्षांसाठी, आणि यात भांडवली खर्च कोणता व महसुली कोणता. पाच बाद यंत्रांतून तीन चालती झाली तर ती ज्यांच्या घरी एकही नाही त्यांना वापरायला द्यावीत. आपल्या वर्गात एक्सेलची असाइनमेंट मोबाईलच्या बोटभर पडद्यावर करणारी मुलेमुली आहेत, हे सर्वांना ठाऊक आहे.

या अंकाचे मराठी आणि कन्नड दोन्ही विभाग कुठल्याही दहा-बारा वर्षांच्या संगणकावर सहज टंकता येतील. मग निदान एवढे तरी करू या. कोणी 'जुना झाला', 'हळेदात्री' म्हटले, तर मान डोलावण्यापूर्वी विचारू या: कोणता भाग? आणि ते समोर उघडून दाखवायला सांगू या.

(बी. कॉम., तृतीय वर्ष)